गिरगाव : पेडणे-डिचोलीचे मुंबईतले बिऱ्हाड

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी बोलण्यासाठी मी एका शहरी वस्तीचा विषय निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके देवळांचे, कुळागरांचे आणि खाजनांचे. २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे पाऊण लाख भरली आणि डिचोलीची सुमारे अठ्ठ्याण्णव हजार. शहर म्हणावे असे मोठे शहर या टापूत कधीच नव्हते. पण आपल्या पूर्वजांची एक शहरी वस्ती होती, आणि ती येथून तीनशे मैलांहून अधिक दूर, मुंबईत होती. तिचे नाव गिरगाव. आपल्या घरांतील जुन्या पत्रपेट्या उघडल्या, तर मनीऑर्डरींच्या पावत्यांवर, लग्नपत्रिकांवर आणि पुस्तकांच्या पहिल्या पानावर हेच नाव पुन्हा पुन्हा भेटेल. म्हणून गिरगावचा विचार हा आपल्या घराचाच विचार आहे, असे मी मानतो.

गिरगाव म्हणजे नेमके कोठून कोठपर्यंत, याचे उत्तर प्रत्येक गिरगावकर आपल्या चाळीपासून मोजून देतो. ढोबळमानाने सांगायचे तर पश्चिमेस चौपाटी आणि चर्नी रोड, उत्तरेस प्रार्थना समाज आणि ऑपेरा हाऊस, पूर्वेस भुलेश्वर-काळबादेवीची सीमा आणि दक्षिणेस धोबीतलाव. मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव ते गिरगाव, अशी नावाची फोड सांगितली जाते. पण त्याहून बोलकी आहेत ती आतल्या गल्ल्यांची नावे : फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. ही नावे ऐकताच गोमंतकीय माणूस थबकतो. वाडी आणि भाट हे तर आपल्याच बोलण्यातले शब्द! नारळी-पोफळींच्या बागाईताला आपण आजही भाटच म्हणतो. शहराने जमीन गिळली, झाडे तोडली, माळ्यावर माळा चढवला. पण नावांत मात्र बागाईत शिल्लक राहिले. पेडण्याहून निघालेला माणूस या गल्ल्यांत शिरताना पूर्णपणे परमुलखात आला नाही, याचे एक कारण ही नावेही असावीत.

तो निघाला तरी का? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली आले आणि ‘नव्या काबिजादी’त गणले गेले. शेती तुटपुंजी, उद्योग नाही, सरकारी नोकरीला पोर्तुगीज भाषा हवी, आणि मुलाला मराठी शिकवावयाचे तर गावकऱ्यांनी स्वखर्चाने शाळा चालवावयाची, अशी स्थिती दीर्घकाळ होती. उलट मुंबईत गिरण्या, गोद्या, पेढ्या, छापखाने आणि कॉलेजे होती. पणजीहून बोटीने किंवा सरहद्द ओलांडून सावंतवाडीच्या वाटेने माणसे तिकडे गेली. त्यांतील पुष्कळांच्या पाठीशी भांडवल असे ते एवढेच, की गावातला कोणीतरी आधी तेथे गेलेला आहे आणि त्याच्या खोलीत एक वळकटी पसरण्याइतकी जागा आहे.

या वाटेवरचे एक ठळक नाव डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. त्यांचे मूळ गाव पेडणे तालुक्यातील मांद्रे मानले जाते. बालपणीच ते मुंबईस गेले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांची गणना झाली. वैद्यक, पुराणवस्तुसंशोधन, स्त्रीशिक्षण या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी काम केले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. दुसरे नाव गानविदुषी अंजनीबाई मालपेकर यांचे. त्यांचा जन्म १८८३ साली पेडण्यातील मालपे येथला. मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांकडे त्यांनी तालीम घेतली, कुमार गंधर्वांसारख्या गायकाला मार्गदर्शन केले, आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. एक वैद्य आणि एक गायिका. दोघांच्याही गुणांना वाव मिळाला तो मुंबईत. मातीने जन्म दिला आणि शहराने आकार दिला, असे हे नाते आहे.

आता वस्तीच्या अंतरंगाकडे वळू. गिरगावचे खरे एकक म्हणजे चाळ. लांबच लांब सामाईक सज्जा, त्याच्या कडेने ओळीने खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि शौचकूप. खोली दहा बाय बाराची, आणि तीत कुटुंबाखेरीज गावाहून आलेला एखादा भाचा किंवा पुतण्या. दार दिवसभर उघडे, कारण ते बंद केल्यास आत वारा नाही. या उघड्या दारानेच गिरगावचा स्वभाव घडविला. कोणाकडे पाहुणा आला, कोणाचा मुलगा मॅट्रिकला बसला, कोणाकडे आज चूल पेटली नाही, हे साऱ्या मजल्याला कळे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि हे जीवन साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. त्या पुस्तकातील विनोदाखाली एक हुरहूर आहे, हे जाणत्या वाचकांना सांगावयास नको.

परंतु चाळीचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. पहाटेच्या नळाची रांग स्त्रियांच्या वाट्याला होती. एकांत नावाची वस्तू नवविवाहितांनाही दुर्लभ होती. कोणत्या वाडीत कोणत्या जातीला खोली मिळेल, हेही पुष्कळदा ठरलेले असे. शेजारधर्म हा तेथे सद्गुण होता तितकाच नाइलाजही होता. आणि ज्या डोळ्यांनी आजारपणात पहारा दिला, त्याच डोळ्यांनी एरवी पाळतही ठेवली. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. या नाइलाजातून त्या लोकांनी संस्था उभ्या केल्या, आणि त्या संस्था नाइलाज संपल्यावरही टिकल्या. माझ्या मते गिरगावचे खरे कर्तृत्व हे आहे.

उदाहरणे पाहा. केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९०१ साली लोकमान्य टिळक तेथे आले होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. गोमंतकीय हिंदूंची ‘गोवा हिंदु असोसिएशन’ १९१९ साली मुंबईत निघाली. १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना झाली आणि केळेवाडीत त्याचे नाट्यगृह उभे राहिले. शेजारच्या गावदेवीत १९१५ साली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. ती आशियातील पहिली मानली जाते. आर्यन आणि चिकित्सक समूह यांच्या शाळा, खटाववाडीतला मौज छापखाना, मॅजेस्टिकसारखी पुस्तकांची दुकाने, हे सर्व चालत जाण्याच्या अंतरावर. यांतील बहुतेक संस्थांच्या मुळाशी राजाश्रय नव्हता. होती ती वर्गणी. आठ आण्यांची, रुपयाची वर्गणी, पावतीपुस्तक घेऊन मजल्यामजल्यावर फिरणारा एक चिटणीस, आणि वर्षअखेरीस सभासदांपुढे ठेवलेला हिशेब.

या संस्थांत गोमंतकीयांचा वाटा मोठा आहे. गोवा हिंदु असोसिएशनचे कार्य विद्यार्थी-साहाय्यापासून वैद्यकीय मदतीपर्यंत पसरले, आणि तिच्या कला विभागाने मराठी रंगभूमीला ‘मत्स्यगंधा’, ‘लेकुरे उदंड जाली’ आणि १९७० साली ‘नटसम्राट’ ही नाटके दिली. ‘मत्स्यगंधा’चे संगीत मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींचे. शास्त्रीय गायनाच्या क्षेत्रात केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनी मुंबईत उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली. ज्या समाजातील स्त्रियांची कला गावात देवळाच्या सेवेशी आणि त्या सेवेबरोबर येणाऱ्या अवहेलनेशी बांधलेली होती, त्यांना शहराने तिकीट काढून ऐकणारा श्रोता दिला. बैठकीतून सभागृहाकडे झालेला हा प्रवास म्हणजे नुसता जागेचा बदल नव्हता. तो प्रतिष्ठेचा बदल होता. कूळ न विचारता गाणे ऐकणारा श्रोता लाभणे ही मोठ्या वस्तीची देणगी असते. लहान गावाला ती सहजी देता येत नाही.

आपल्या ख्रिस्ती बांधवांनी हीच गरज वेगळ्या रीतीने भागविली. धोबीतलाव आणि आसपासच्या भागांत गावोगावच्या ‘कुडी’ स्थापन झाल्या. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात आपल्या गावाच्या कुडीत उतरे. ट्रंक ठेवण्यापुरती जागा, नाममात्र भाडे आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, एवढ्यावर त्याचे भागे. हिंदूंचे बिऱ्हाड आणि ख्रिस्त्यांची कूड या दोन व्यवस्था दिसायला निराळ्या, पण त्यांच्या मुळाशी कल्पना एकच : शहरात गेलेल्या माणसाच्या डोक्यावर गावाने छप्पर धरले पाहिजे.

आणि त्या माणसानेही गावाला विसरू नये, हा या कराराचा दुसरा भाग होता. गिरगावात सार्वजनिक गणपतीची आरास करणारा पेडणेकर स्वतःच्या चवथीला मात्र गावी येई, कारण माटोळी बांधावयाची ती मूळ घरातच. पेडण्याची पुनव, शिरगावची लईराईची जत्रा, गावचा शिगमो यांसाठी रजा राखून ठेवलेली असे. येताना त्याच्या ट्रंकेत साबण, कापड, औषधे यांबरोबर पुस्तके आणि मासिके असत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सालाझारच्या राजवटीत गोव्यातील छापील मजकुरावर पूर्वतपासणी होती. वृत्तपत्रांना श्वास घेणे कठीण होते. अशा काळात गिरगावच्या छापखान्यांत छापलेले मराठी पुस्तक आपल्या ओसरीवर पोहोचणे म्हणजे बाहेरच्या जगाची एक खिडकी उघडणे होते. गोमंतकातील जुन्या मराठी ग्रंथालयांचे आरंभीचे संग्रह डोळ्यांखालून घाला. मुखपृष्ठाच्या तळाशी मुंबईचा आणि त्यातही गिरगावचा पत्ता किती वेळा आढळतो, ते मोजण्याजोगे आहे. आपले ग्रंथालय आणि ती वस्ती यांच्यामध्ये अशी ही पुस्तकांची वाट होती.

मुक्तिलढ्याच्या वर्षांत ही वाट अरुंद झाली. १९५४ नंतर सरहद्दीवरील निर्बंध कडक झाले, घरातली माणसे दोन बाजूंना अडकली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी आपल्याच पेडणे तालुक्यातील पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. करनैलसिंग त्या दिवशी तेथे धारातीर्थी पडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि वाट पुन्हा खुली झाली. पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. या मार्गावर सर्वांत अधिक झुंजविले ते पेडण्याच्या बोगद्याने. रात्री मुंबईत गाडीत बसलेला माणूस सकाळी पेडण्याला उतरू लागला.

परंतु वाट सोपी झाली त्याच सुमारास जेथून माणसे येत ती वस्ती विरळ होऊ लागली होती. याची कारणे समजून घेतली पाहिजेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळींची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले ही गोष्ट चांगलीच; पण त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. चाळी कोसळू लागल्या, तेव्हा शासनाने १९६९ साली कायदा करून दुरुस्तीसाठी मंडळ नेमले आणि उपकर बसविला. तरीही मुले मोठी झाली, खोली मोठी झाली नाही. एक भाऊ पार्ल्याला, दुसरा बोरिवलीला, तिसरा डोंबिवलीला गेला. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली सुमारे ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. चाळींच्या जागी मनोरे आले. खोताच्या वाडीतले अनंताश्रम, ज्याच्या माशाच्या ताटासाठी गोमंतकीय जीव तळमळत असे, तेही बंद झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक प्रवाशांसाठी खुले झाले. त्यासाठी काही जुन्या इमारतींना जागा सोडावी लागली. चाळीत राहिलेल्या माणसाला मनोऱ्यातील स्वतंत्र नळ आणि बंद होणारे दार यांचे मोल पुरेपूर ठाऊक असते. त्या सुखाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र मनोऱ्याच्या आराखड्यात गाडीतळ असतो, सज्जा नसतो. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन येणाऱ्या चिटणीसाला पहारेकरी खालीच अडवितो.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याशी येतो. शंभर वर्षे आपली माणसे शहराकडे गेली. आज शहर आपल्याकडे येत आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. धारगळ, तुये, मांद्रे, मोरजी या गावांचे रूप पाहता पाहता पालटत आहे. डिचोलीत खाणकाम २०१२ साली प्रथम थांबले, २०१८ साली पुन्हा थांबले, आणि खाणीवर विसंबलेल्या घरांना दुसरी वाट शोधावी लागली. त्या वाटांपैकी एक जमीनविक्रीची होती. डोंगरउतारावर वसाहती उभ्या राहत आहेत. कुंपण आहे, फाटक आहे, पहारेकरी आहे. वर्षातून काही आठवडेच दिवे लागणारी घरेही आहेत. इमारती येतील. प्रश्न असा आहे, की त्यांची वस्ती होईल काय?

गिरगावचा इतिहास या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो. नुसत्या भिंतींनी वस्ती होत नाही, आणि नुसत्या दाटीनेही होत नाही. परगावचा माणूस वस्तीत सामावला जातो, तो जेव्हा त्याला वर्गणी मागितली जाते तेव्हा! वर्गणी मागणे म्हणजे ‘तू आमच्यातला आहेस’ असे सांगणे. मांद्र्याच्या मुलाला मुंबईने वस्तुसंग्रहालयाच्या दारावर स्थान दिले. मालप्याच्या मुलीला श्रोते दिले. त्यांना कोणी ‘भायले’ म्हणून फाटकाशी थांबविले नाही. आज आपल्या दाराशी जो नवा माणूस आला आहे, तो कर्नाटकाचा असो, बिहारचा असो की दिल्लीचा, त्याच्याशी आपण कसे वागतो, याचे माप आपल्याच पूर्वजांच्या अनुभवावरून घ्यावे लागेल. आणि त्या नव्या माणसालाही सांगावे लागेल, की येथे जमीन विकत मिळते, शेजार मात्र मिळवावा लागतो.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग आपल्यासारख्या संस्थांच्या हाती आहे. मी तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, ग्रंथालयाने आपले दार नव्या वसाहतींपर्यंत न्यावे. पुस्तकपेटी घेऊन जाणारा एक कार्यकर्ता, मुलांसाठी महिन्यातून एक वाचनसभा, आणि तीत मराठीबरोबर कोंकणी, हिंदी, इंग्रजी पुस्तकांनाही जागा असावी. दुसरी, मुंबईशी असलेल्या नात्याचा कागदोपत्री ठेवा आपण गोळा करावा. मुंबईकर मंडळांचे अहवाल, नाटकांच्या हस्तपत्रिका, देवळांच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीयाद्या, खाजगी पत्रे. ही सामग्री माळ्यावर वाळवीच्या तोंडी आहे, आणि ती जपणारी पिढी वार्धक्याला टेकली आहे. जे पाच-दहा वर्षांत गोळा होणार नाही, ते पुढे कधीच होणार नाही. तिसरी सूचना आश्रयदात्यांसाठी. आपण मोठी देणगी देता, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. पण लहान वर्गणीची सवय मोडू देऊ नका. एका मोठ्या दात्यावर उभी असलेली संस्था त्या दात्याबरोबर खचते. पाचशे लहान वर्गणीदारांवर उभी असलेली संस्था वस्ती पांगली तरी तग धरते. गिरगावातून गेलेली मुले उपनगरांत राहूनही आपल्या जुन्या संस्थांच्या सभांना येतात, ती त्या बांधिलकीमुळे.

गावातल्या देवळाची ओसरी, चाळीचा सज्जा आणि ग्रंथालयाचा वाचनकक्ष ही मला एकाच कुळातली वाटतात. तिन्ही ठिकाणी माणूस आपल्या घराबाहेर येतो, पण परक्या घरात जात नाही. ओसरीवर येण्यास कुळाचा आणि जातीचा आडकाठा होता. सज्जावर येण्यास भाड्याच्या खोलीचा होता. वाचनकक्षात येण्यास मात्र केवळ वाचण्याची इच्छा पुरते. या तिघांतील सर्वांत मोकळी जागा आपल्या पूर्वसूरींनी शंभर वर्षांपूर्वी येथे उघडली. ती उघडी ठेवणे, आणि तीत एक जास्तीची खुर्ची नेहमी रिकामी राखणे, हे पुढच्या शंभर वर्षांचे काम आहे. ते आपण सर्व मिळून कराल, असा विश्वास व्यक्त करतो.